शोधवृक्ष, गुणांची मोजणी आणि क्षितिज: एस्ट्रिन विरुद्ध बर्लिनर या टपाली डावाचा अभ्यास

मिनिमॅक्स आणि अल्फा-बीटा छाटणी शिकवताना आपण बहुधा फुली-गोळ्याचे उदाहरण घेतो. उदाहरण सोपे आहे, पण त्यात एक अडचण आहे. फुली-गोळ्याचा वृक्ष शेवटच्या पानापर्यंत शोधता येतो. त्यामुळे 'वृक्ष अर्ध्यावर तोडावा लागला तर तेथील स्थितीला किती गुण द्यायचे?' हा प्रश्न समोर येतच नाही. प्रत्यक्षात मात्र हाच सर्वांत कठीण प्रश्न आहे.

या टिपणात आपण हा प्रश्न बुद्धिबळाच्या एका खऱ्या डावावरून समजून घेऊ. हा डाव टपालाने खेळला गेला, काळ्या बाजूने एका धारदार बचावाने जिंकला, आणि जिंकणारा खेळाडू पुढे संगणकशास्त्रज्ञ झाला. सोंगट्या कशा चालतात एवढे माहीत असले तरी पुरे. शक्य असल्यास पट मांडून वाचा.

१. टपाली बुद्धिबळ म्हणजे काय?

टपाली बुद्धिबळात दोन खेळाडू एकमेकांसमोर बसत नाहीत. एकाने आपली चाल पोस्टकार्डावर लिहून पाठवायची आणि दुसऱ्याने विचार करून उत्तर पाठवायचे. प्रत्येक चालीला काही दिवस मिळतात. पुस्तके पाहण्यास आणि पटावर सोंगट्या हलवून विश्लेषण करण्यास मुभा असते. म्हणजे इथे घड्याळाच्या घाईमुळे होणाऱ्या चुका कमी होतात आणि विचाराची खोली महत्त्वाची ठरते.

देशोदेशी सोंगट्यांची नावे वेगळी. आपला हत्ती इंग्रजीत किल्ला होतो आणि आपला उंट बिशप होतो. म्हणून आंतरराष्ट्रीय टपाली स्पर्धांत अंकांची पद्धत वापरली जाते. उभ्या पट्ट्यांना १ ते ८ आणि आडव्या रांगांना १ ते ८ असे क्रमांक द्यायचे. निघण्याचे घर आणि पोहोचण्याचे घर मिळून चार अंक होतात. ई२ वरचे प्यादे ई४ वर गेले की '५२५४'. ए८ वरचा हत्ती बी८ वर सरकला की '१८२८'. हा चार अंकी संकेत लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

२. दोन खेळाडू

पाचव्या जागतिक टपाली अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी १९६५ ते १९६८ या काळात झाली. १७ खेळाडू होते आणि प्रत्येकाला १६ डाव खेळायचे होते.

पांढऱ्या सोंगट्या मॉस्कोच्या याकोव्ह एस्ट्रिन यांच्याकडे होत्या. 'टू नाइट्स डिफेन्स' म्हणजे दोन घोड्यांचा बचाव या प्रारंभाचे ते जाणकार मानले जात. पुढे ते स्वतः सातवे जागतिक टपाली विजेते झाले. काळ्या सोंगट्या अमेरिकेच्या हॅन्स बर्लिनर यांच्याकडे होत्या. त्यांचा जन्म १९२९ मध्ये बर्लिन येथे झाला होता आणि ते लहानपणीच अमेरिकेत आले होते.

बर्लिनर यांनी काय निवडले ते पाहा. प्रतिस्पर्ध्याला जो प्रारंभ सर्वांत चांगला येतो, त्याच प्रारंभात आणि तोही काळ्या सोंगट्यांनी ते उतरले. हे धाडस वाटते, पण त्यामागे घरी बसून केलेली तयारी होती.

३. प्रारंभ: काळा घोडा सोडून देतो

चाली लिहिताना घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह म्हणजे हत्ती, व म्हणजे वजीर, रा म्हणजे राजा. नुसते घर लिहिले असेल तर ती प्याद्याची चाल. '×' म्हणजे मारले आणि '+' म्हणजे शह. काळ्याची चाल एकटी लिहिली असेल तर क्रमांकापुढे तीन टिंबे आहेत.

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ घो-एफ६ ४. घो-जी५ डी५ ५. ई×डी५ बी५ ६. उं-एफ१ घो-डी४ ७. सी३ घो×डी५ ८. घो-ई४ व-एच४ ९. घो-जी३ उं-जी४ १०. एफ३ ई४

चौथ्या चालीला पांढऱ्याचा घोडा जी५ वर येऊन एफ७ च्या प्याद्यावर नजर ठेवतो. पाचव्या चालीला काळ्याने नेहमीप्रमाणे घोडा ए५ वर नेला असता तर डाव ओळखीच्या रस्त्याने गेला असता. त्याऐवजी ५...बी५ हा अमेरिकन खेळाडू उल्व्हेस्टाड यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार आला. पांढऱ्याचे उत्तर ६. उं-एफ१ चमत्कारिक दिसते, कारण बाहेर आलेला उंट पुन्हा मूळ घरी जातो. पण तो तिथून जी२ चे रक्षण करतो. त्यानंतर ६...घो-डी४ मुळे डाव फ्रिट्झ प्रकारात शिरतो.

आता १०...ई४ नंतरची स्थिती पाहा. डी४ वरच्या काळ्या घोड्यावर सी३ च्या प्याद्याचा मारा आहे आणि जी४ वरच्या उंटावर एफ३ च्या प्याद्याचा. काळ्याने दोन्ही सोंगट्या तशाच ठेवून तिसरीकडे प्यादे ढकलले. पांढरा एका चालीत एकच सोंगटी मारू शकतो.

११. सी×डी४ उं-डी६ १२. उं×बी५+ रा-डी८ १३. कॅसलिंग ई×एफ३ १४. ह×एफ३

४. चौदावी चाल: १८२८

इथे थांबा आणि सोंगट्यांचे गुण मोजा. नेहमीचे गुण घ्या: वजीर ९, हत्ती ५, उंट ३, घोडा ३, प्यादे १. पांढऱ्याकडे एक घोडा आणि एक प्यादे जास्त आहे, म्हणजे पांढऱ्याला +४. शिवाय काळ्याच्या राजाचा कॅसलिंगचा हक्क गेलेला आहे आणि तो डी८ वर उघडा बसला आहे.

मी वर्गात ही स्थिती फळ्यावर काढून 'कोणाची बाजू घ्याल?' असे विचारतो. जवळजवळ सगळे हात पांढऱ्यासाठी वर होतात. 'का?' असे विचारले की उत्तर येते, 'सर, +४ आहे.'

बर्लिनर यांनी पाठवलेली चाल होती १८२८, म्हणजे १४...ह-बी८. शह नाही, मारामारी नाही, नुसता हत्ती एक घर बाजूला सरकला.

सहज सुचणारी चाल १४...उं×एफ३ ही होती, कारण त्यात हत्ती मिळतो. पण मग १५. व×एफ३ ने पांढऱ्याचा वजीर बाहेर येऊन डी५ च्या घोड्यावर चालून जातो. आधी ह-बी८ केल्यावर बी५ च्या उंटावर मारा येतो. एस्ट्रिन यांनी तो ई२ वर मागे घेतला. त्याबरोबर डी१ ते एफ३ ही वजिराची तिरकी वाट बंद झाली. आता काळ्याने एफ३ चा हत्ती मारला तर वजिराने परत मारता येत नाही. म्हणजे ह-बी८ या चालीने मारामारी टाळली नाही, मारामारीचा क्रम बदलला.

१५. उं-ई२ उं×एफ३ १६. उं×एफ३ व×डी४+ १७. रा-एच१ उं×जी३ १८. एच×जी३ ह-बी६

शेवटची चाल पाहा. बी८ वर सरकलेला हत्ती आता बी६ वर आहे आणि पुढे एच६ वर जाऊन शह देण्याची धमकी देतो. त्यासाठी सहावी रांग मोकळी हवी होती आणि एच पट्टी उघडी हवी होती. डी६ वरच्या उंटाने जी३ वर स्वतःला देऊन दोन्ही कामे एकदम केली: तो हलल्याने सहावी रांग मोकळी झाली आणि एच२ चे प्यादे जी३ वर आल्याने एच पट्टी उघडली. डी४ वरचा वजीर जी१ हे घर अडवून आहे, त्यामुळे एच१ वरच्या राजाला पळायला जागा नाही.

५. वृक्ष कुठे तोडायचा?

आता हाच क्रम संगणकाच्या नजरेने पाहू. एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय. १४...ह-बी८ पासून १८. एच×जी३ पर्यंत ८ प्लाय होतात. प्रत्येक स्थितीत सरासरी ३५ चाली शक्य आहेत असे धरले तर ८ प्लायच्या पूर्ण वृक्षाची पाने ३५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे सव्वादोन लाख कोटी. अल्फा-बीटा छाटणीत चालींचा क्रम उत्तम लागला तर हीच संख्या सुमारे ३० लाखांवर येते. छाटणी किती उपयोगी आहे हे इथे दिसते.

पण पाने कमी झाली तरी प्रत्येक पानाला गुण द्यावेच लागतात. सोंगट्या मोजणे एवढाच निकष ठेवला तर पांढऱ्याच्या दृष्टीने काय दिसते ते पाहा:

१४...ह-बी८ नंतर: +४
१५. उं-ई२ नंतर: +४
१५...उं×एफ३ नंतर: −१
१६. उं×एफ३ नंतर: +२
१६...व×डी४+ नंतर: +१
१७. रा-एच१ नंतर: +१
१७...उं×जी३ नंतर: −२
१८. एच×जी३ नंतर: +१

ओळ तीच, चाली त्याच, पण तोडण्याची जागा एका प्लायने बदलली की उत्तर बदलते. तिसऱ्या प्लायला थांबणारा प्रोग्राम म्हणेल की काळा पुढे आहे. चौथ्याला थांबणारा म्हणेल की पांढरा पुढे आहे. दोघेही चूक, कारण दोघेही मारामारी अर्धवट असताना मोजायला बसले. भाजी घेतली, पैसे द्यायचे राहिले आणि तेवढ्यात खिसा मोजला, तर आपण श्रीमंतच दिसणार.

यावरचा उपाय म्हणजे शांतता-शोध. ठरलेल्या खोलीला पोहोचल्यावर स्थिती अशांत असेल, म्हणजे मारामारी किंवा शह शिल्लक असतील, तर तेवढ्याच फांद्या पुढे वाढवायच्या आणि स्थिती शांत झाल्यावर गुण द्यायचे.

६. शांत स्थितीतही मोजणी फसते

१८. एच×जी३ नंतर सोंगट्या मारून झाल्या आहेत आणि मोजणी +१ दाखवते. पांढरा एका गुणाने पुढे आहे. मग काळ्याची स्थिती चांगली का म्हणायची?

पांढऱ्याच्या पहिल्या रांगेकडे पाहा. ए१ चा हत्ती, बी१ चा घोडा, सी१ चा उंट आणि डी१ चा वजीर हे चौघेही मूळ घरांवर बसलेले आहेत. अठरा चाली झाल्या तरी एकही हलला नाही. कागदावर त्यांचे गुण २०, प्रत्यक्ष कामात मात्र त्यांचा वाटा नगण्य. काळ्याचा वजीर, घोडा आणि बी६ चा हत्ती मात्र थेट राजाकडे पाहत आहेत. म्हणून मूल्यमापनात केवळ सोंगट्या नव्हे, तर त्या काय करू शकतात हेही मोजावे लागते.

१९. डी३ घो-ई३ २०. उं×ई३ व×ई३ २१. उं-जी४ एच५ २२. उं-एच३ जी५ २३. घो-डी२ जी४ २४. घो-सी४ व×जी३ २५. घो×बी६ जी×एच३ २६. व-एफ३ एच×जी२+ २७. व×जी२ व×जी२+ २८. रा×जी२ सी×बी६

१९. डी३ ने सी१ च्या उंटाची तिरकी वाट उघडली आणि तो एच६ राखू लागला. म्हणून लगेच १९...घो-ई३: घोड्याने ती वाट अडवली आणि वजिरावरही मारा केला. उंटाने घोडा मारला, वजिराने उंट मारला, आणि एच६ चा राखणदार गेला. २४. घो-सी४ मध्ये पांढऱ्याने वजीर आणि हत्ती दोघांवर एकाच वेळी मारा केला. काळ्याने हत्ती सोडून दिला, कारण २५...जी×एच३ नंतर जी२ वर मात होण्याची धमकी होती.

धूळ खाली बसल्यावर दोघांकडे एकेक हत्ती उरला. पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची चार. +४ पासून निघालेली मोजणी −१ वर आली.

७. शेवटचा टप्पा: हातचे प्यादे का सोडले?

२९. ह-एफ१ रा-ई७ ३०. ह-ई१+ रा-डी६ ३१. ह-एफ१ ह-सी८ ३२. ह×एफ७ ह-सी७ ३३. ह-एफ२ रा-ई५ ३४. ए४ रा-डी४ ३५. ए५ रा×डी३ ३६. ह-एफ३+ रा-सी२ ३७. बी४ बी५ ३८. ए६ ह-सी४ ३९. ह-एफ७ ह×बी४ ४०. ह-बी७ ह-जी४+ ४१. रा-एफ३ बी४ ४२. ह×ए७ बी३ आणि पांढऱ्याने हार मान्य केली.

एका प्याद्याने पुढे असलेल्या काळ्याने ३१...ह-सी८ ने एफ७ चे प्यादे सोडून दिले. सोंगट्या मोजणाऱ्याला हे पटणार नाही. पण ३२...ह-सी७ ने काळा हत्तींची अदलाबदल मागतो. पांढऱ्याने ती मान्य केली तर त्याच्या राजाला एच५ चे प्यादे मारायला कडेला जावे लागते आणि तेवढ्यात काळा राजा दुसऱ्या बाजूची प्यादी फस्त करतो. पांढऱ्याने हत्ती मागे घेतला, तेव्हा काळा राजा ई५, डी४ असा चालत गेला आणि डी३ चे प्यादे घेऊन सी२ वर पोहोचला.

३०. ह-ई१+ या शहाकडे लक्ष द्या. पुढच्याच चालीला हत्ती एफ१ वर परतला. तेवढ्यात काळा राजा मात्र एक घर पुढे आला होता. शह दिल्याने काम झाल्यासारखे वाटते, पण इथे प्रश्न सुटला नाही, तो दोन प्लाय पुढे गेला एवढेच.

शेवटी ४०...ह-जी४+ पाहा. जी४ वरचा हत्ती एच५ च्या प्याद्याने राखलेला आहे, चौथ्या रांगेवरून तो बी४ चे प्यादे राखतो, आणि गरज पडली तर ए४ वर जाऊन पांढऱ्याचे ए प्यादेही रोखू शकतो. एकाच घरावरून तीन कामे.

८. खेळाडू ते संशोधक

बर्लिनर यांनी १६ डावांत १४ गुण मिळवले: १२ विजय, ४ बरोबरी, पराभव एकही नाही. दुसऱ्या क्रमांकापेक्षा ते तीन गुणांनी पुढे होते. त्यानंतर ते कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले आणि १९७४ मध्ये संगणक-बुद्धिबळावर पीएच.डी. मिळवली.

१९७३ मध्ये त्यांनी ज्या दोषाला नाव दिले तो 'क्षितिज परिणाम' आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ठरावीक खोलीला थांबणाऱ्या प्रोग्रामला त्यापलीकडचे दिसत नाही. त्यामुळे एखादे नुकसान अटळ असले तरी मध्येच एखादा शह किंवा प्याद्याची भेट घालून तो ते नुकसान क्षितिजापलीकडे ढकलतो आणि वाचलो असे समजतो. प्रत्यक्षात नुकसान होतेच, वर दिलेली भेटही जाते. आपण पाहिलेला तिसाव्या चालीचा शह माणसाने दिला होता, त्यामागचा हेतू वेगळा असू शकेल, पण दोषाचे रूप समजायला तो उपयोगी आहे.

पुढे १९७९ मध्ये त्यांच्या बॅकगॅमन प्रोग्रामने त्या खेळाच्या विद्यमान जगज्जेत्याला एका सामन्यात हरवले. त्यातला एक महत्त्वाचा विचार असा होता की मूल्यमापनातील भारांक स्थितीप्रमाणे हळूहळू बदलावेत, एकदम उडी मारू नयेत. त्याच वर्षी त्यांनी 'बी-स्टार' ही शोधपद्धती मांडली. त्यात स्थितीला एकच अंक न देता वरची आणि खालची मर्यादा देतात आणि जिथे संशय जास्त तिथे शोध वाढवतात. १९८० च्या दशकात त्यांच्या मार्गदर्शनाखाली 'हायटेक' हे बुद्धिबळ-यंत्र तयार झाले. १९८८ मध्ये त्याने ग्रँडमास्टर अर्नोल्ड डेंकर यांच्याविरुद्धचा सामना जिंकला.

९. या डावाने काय सिद्ध झाले नाही?

काळा जिंकला म्हणून हा बचाव बरोबर ठरला, असा निष्कर्ष काढू नका. एक डाव म्हणजे मुळापासून पानापर्यंतचा एक मार्ग. काळा जिंकतोच हे सिद्ध करायचे तर काळ्याची प्रत्येक ठिकाणी एक चाल पुरते, पण पांढऱ्याच्या सर्व चालींना उत्तर द्यावे लागते. पंधराव्या चालीला पांढऱ्यापुढे उं-ई२ शिवाय इतर पर्याय होते. बर्लिनर यांनी स्वतः नंतरची अनेक वर्षे या प्रकाराचे विश्लेषण चालू ठेवले, कारण जिंकणे आणि सिद्ध करणे यांतला फरक त्यांना माहीत होता.

आज मोबाइलवरचा प्रोग्राम क्षणात गुण दाखवतो. टपाली स्पर्धांतही आता संगणकाची मदत घेता येते. त्यामुळे चौदाव्या चालीला +४ पाहून हात वर करण्याची सवय आपल्याला आणखी लवकर लागते. तुम्ही उद्या मार्ग शोधणारा, वेळापत्रक लावणारा किंवा यंत्राचा बिघाड ओळखणारा प्रोग्राम लिहाल, तेव्हा तोही असाच एक अंक देईल. तो वापरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: शोध कुठे थांबला? थांबला तेव्हा स्थिती शांत होती का? आणि हा अंक नेमके काय मोजतो?

स्वाध्याय

१. १८...ह-बी६ ते २८...सी×बी६ या प्रत्येक चालीनंतरची सोंगट्यांची मोजणी लिहा. कोणत्या चालींनंतर मोजणी थांबवणे सर्वांत फसवे ठरेल?

२. १४...उं×एफ३ १५. व×एफ३ आणि १४...ह-बी८ १५. उं-ई२ उं×एफ३ १६. उं×एफ३ या दोन ओळींचे वृक्ष काढा आणि डी१ च्या वजिराचे काम दोन्हींत कसे बदलते ते सांगा.

३. १४...ह-बी८ नंतर पांढऱ्याची १५. उं-ई२ सोडून दुसरी एक चाल निवडा. काळ्याचे उत्तम उत्तर आधी स्वतः शोधा, मग प्रोग्रामशी ताडून पाहा. दोन्हींत फरक आला तर कारण लिहा.

४. मूल्यमापनात 'मूळ घरावर बसलेल्या सोंगट्यांची संख्या' हा घटक मिळवला तर १८...ह-बी६ नंतरच्या स्थितीला किती गुण मिळतील? भारांक तुम्ही ठरवा आणि त्याचे समर्थन करा.

५. १३. कॅसलिंग ही चाल चार अंकी टपाली संकेतात कशी लिहाल? सूचना: कॅसलिंगमध्ये फक्त राजाची हालचाल लिहितात.